पिशवीत मावलेलं शहाणपण

जळकोटच्या कुठल्याही टेकाडावरून ओढ्याकडे उतरत गेलं, की एकाच माणसाच्या सातबाऱ्यात तीन जमिनी लागतात. वर बरड, वीतभर मातीखाली मुरूम. मधे मध्यम, नांगराला बरी. खाली ओढ्याच्या अंगाला काळी, पावसाळ्यात पाय रुतवणारी आणि चैत्रात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. बालाघाटाच्या पठाराचा हा पूर्वेकडचा भाग, बोलण्यात 'डोंगरी तालुका'. तालुका झाला १९९९ मध्ये. भोवतीचा उदगीर-अहमदपूरचा टापू १९५६ पर्यंत हैदराबादच्या बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आला. उत्तरेची शीव ओलांडली की कंधार, म्हणजे नांदेड. जमीन जागेवर राहिली, कचेऱ्या हलत राहिल्या, आणि प्रत्येक कचेरीनं इथल्या शेतकऱ्याला शेती कशी करावी ते सांगितलं.

या सांगण्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. हा इतिहास सहसा अज्ञानाकडून ज्ञानाकडे झालेला प्रवास म्हणून लिहिला जातो. मला तो तसा दिसत नाही. जे ज्ञान बियाण्याच्या पिशवीत मावलं ते दोन-चार हंगामांत वाडी-तांड्यापर्यंत पोचलं. जे मातीत राबवायचं होतं, ज्याला बैलजोडी, शेजारी आणि उसंत लागते, ते अडून राहिलं. अडण्याचा दोष मात्र शेतकऱ्याच्या डोक्याला लागला.

शेतीखातं यायच्या आधी इथं काय होतं? खरिपात ज्वारी, तिच्यात ठरावीक ओळींनंतर तुरीचा पाट, कडेला अंबाडी, हलक्या रानात मूग-उडीद. खोल काळ्या रानात पुष्कळदा खरीप सोडून द्यायचा, पावसाळाभर पाळ्या घालून तण मारायचं, ओल धरायची आणि हस्ताच्या आगेमागे रब्बीची ज्वारी किंवा करडई पेरायची. फेरपालट ठरलेली. बैल कमी पडले तर वारंगुळा, म्हणजे शेजाऱ्याशी बैलांची देवघेव. हरळी मातली तर सहा-आठ बैलांचा जड नांगर, तोही दोन-तीन घरांनी मिळून. धनगराच्या मेंढ्या रानात बसवायच्या आणि त्याला धान्य द्यायचं. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडातला शेतीरसायनज्ञ १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानात फिरला. त्याचा अहवाल १८९३ साली आला. इथला शेतकरी सरसकट अडाणी नाही, त्याला अडतंय ते साधनांपाशी, खतापाशी आणि पाण्यापाशी, असा त्याचा सूर होता. त्याच्या दहा वर्षं आधी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लष्कर आणि पोलीस हाताशी धरून बांधबंधारे घालावेत, पावसाचं पाणी शेतात जिरवावं, असं सरकारला सुचवलं होतं. पाणलोट हा शब्द सरकारी फलकांवर यायला पुढं आणखी शंभर वर्षं जायची होती.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या शेतीसंशोधनाची सुरुवात १९१८ सालची. परभणीला मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झालं ते याच वर्षी. परभणीच्या कामातलं सगळ्यात नाव झालेलं पीक म्हणजे गावरानी कापूस. देशी जातीचा, पण बऱ्यापैकी लांब धाग्याचा. १९३०च्या दशकात त्यातून निवडलेला 'गावरानी ६' नांदेड-परभणीच्या पट्ट्यात पसरला. त्यात हलक्या कापसाची सरमिसळ होऊ नये म्हणून संस्थान सरकारनं कायद्याचाही आधार घेतला. इथंच पहिला धडा मिळतो. कापूस पसरला कारण सरकी हातात देता येत होती, आणि जिनात भाव वेगळा मिळत होता.

जमिनीच्या बाबतीत तसं घडलं नाही. १९३३च्या सुमारास सरकारच्या शेतीसंशोधन परिषदेनं कोरडवाहू शेतीची पाच केंद्रं काढली. सोलापूर, विजापूर, हगरी, रोहतक आणि हैदराबाद राज्यातलं रायचूर. त्यांतून पुढं 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून ओळखला गेलेला संच तयार झाला. उताराला आडवे बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, ओळींतलं अंतर वाढवून बियाणं कमी, कोळपण्या जास्त. संशोधक कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४ साली आलं, ते या कामाचं सार होतं. यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती आणि पूर्णपणे नवीही नव्हती. खोल नांगरटीला सहा-आठ बैल लागतात हे शेतकऱ्याला कळत होतं. शेणखत टाकावं हेही कळत होतं, पण दोन बैल आणि एका गायीच्या शेणातून किती गाड्या निघणार, आणि त्यातल्या किती चुलीत जाणार? एवढं सगळं करून उत्पन्न वाढायचं ते पंधरा-वीस टक्के. चार पोत्यांची पावणेपाच पोती. पाऊस रुसला तर तेही नाही. सावकाराचं देणं डोक्यावर असलेल्या माणसानं हा हिशेब मनातल्या मनात केला आणि जुनी पाळी चालू ठेवली.

बांधांची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे.

मुंबई राज्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्याखाली सोलापूर-विजापूरकडे समपातळीत बांध घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पाठोपाठ ही बांधबंदिस्तीही आली. पद्धत अशी: मोजणीवाला दुर्बीण लावायचा, समान उंचीचे बिंदू जोडणारी रेघ आखायचा आणि त्या रेघेवर मातीचा बांध पडायचा. निसर्गाला शीव ठाऊक नसते, त्यामुळं ती रेघ एकाच्या शेतातून तिरकी निघून दुसऱ्याच्या शेतात शिरायची. तिफणीचं तास मधेच तुटायचं, वखर वळवायला जागा राहायची नाही, कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे पडीक व्हायचे. वरच्या शेतकऱ्याचं पाणी बांधानं अडून खालच्याकडे कुठून सोडायचं, यावरून भांडणं लागायची. खर्चाचा वाटा शेतकऱ्यावर बसायचा तो वेगळाच.

शेतकऱ्यांनी काय केलं? जमेल तिथं बांध नांगरून टाकले. खात्याच्या नोंदीत याला उदासीनता म्हणतात. आता तांत्रिक बाजू पाहू. हलक्या आणि मध्यम जमिनीत, म्हणजे जळकोटच्या वरच्या उतारावर, समपातळीतला बांध कामाचा असतो. पाणी मुरतं, माती थांबते. खालच्या खोल काळ्या रानात प्रकार उलटा. तिथं ओली झालेली माती पाणी आत घेत नाही, बांधाच्या वरच्या अंगाला तळं साचतं, दहा-पंधरा ओळींमधली ज्वारी पिवळी पडते. उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या वळवाचं पाणी त्या भेगांतून घुसून बांध फोडतं. फुटलेल्या बांधाची घळ वाहत्या पाण्यापेक्षा वाईट. खोल काळ्या जमिनीत समपातळीतल्या बांधापेक्षा थोडा ढाळ देऊन जादा पाणी चरातून काढून द्यावं, हे संशोधकांनीही पुढं मान्य केलं. १९९२ साली जॉन केर आणि एन. के. संघी यांनी देशी मृद्संधारणावर लिहिताना निरीक्षण नोंदवलं की शेतकरी बांधाच्या विरोधात नसतो. त्याला तो आपल्या धुऱ्यावर हवा असतो, दरवर्षी थोडा थोडा वाढवत न्यायचा असतो, सरकारला तो समपातळीत आणि एका झटक्यात हवा असतो. जळकोटच्या शिवारात आजही दगडी ताली दिसतात, त्या याच जातीच्या. वर्षाला दोन पाट्या दगड, मुलं वेचून आणणार, बाप रचणार.

तात्पर्य म्हणून सांगत नाही, पण त्या वेळी कुणी गावात विचारलं असतं की शिफारस केलेल्या मृद्संधारणाची तुम्हाला माहिती आहे का, तर बांध नांगरणारा माणूस 'नाही'च्या रकान्यात पडला असता. त्याला माहिती होती. आखणी करणाऱ्यापेक्षा थोडी जास्तच.

मग आलं १९६४. सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी त्या वर्षी प्रसारित झाली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, धान्याची टंचाई होती, आणि महाराष्ट्रानं या ज्वारीवर सगळा जोर लावला. गावरान ज्वारी पुरुषभर उंचीच्या वर जायची, चार-साडेचार महिने घ्यायची. ही बुटकी, शंभर दिवसांत तयार, खत घातलं तर दुपटीनं उतरणारी. मराठवाड्यात तिला लोक नुसतं 'हायब्रीड' म्हणतात, अजूनही. पहिल्यांदा लोक नाराज होते. भाकरी बेचव, कडबा आखूड, जनावरं तोंड फिरवायची. कापणीच्या तोंडाला भाद्रपदातला पाऊस आला की दाणा काळा पडायचा. तरीही ती पसरली, कारण सगळी शिफारस एका पिशवीत होती. पिशवी फोडायची आणि पेरायचं. तिच्यासोबतच्या सूचनांत एक होती, खोडमाशी टाळायची तर पहिल्या पावसावर लवकर पेरा. मृग साधणाऱ्या माणसाला ती नव्यानं सांगायची गरज नव्हती.

त्याच १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचं पारंपरिक शेतीवरचं पुस्तक आलं. गरीब शेतकरी आहे त्या साधनांत चोख हिशेबानं वागतो, नवं आणि खरोखर फायद्याचं साधन दिलं तर तो ते उचलतो, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये, एव्हरेट रॉजर्सचं नव्या गोष्टींच्या प्रसारावरचं पुस्तक आलं होतं. त्याचा पाया आयोवातल्या संकरित मक्याच्या १९४३ सालच्या अभ्यासात होता. त्यात शेतकऱ्यांची वर्गवारी होती: आधी स्वीकारणारे, नंतर स्वीकारणारे आणि सगळ्यात शेवटी रेंगाळणारे. आपल्या कृषी महाविद्यालयांच्या विस्तार विभागांनी शुल्ट्झ ग्रंथालयात ठेवला आणि रॉजर्स वर्गात घेतला.

परभणीचं कृषी महाविद्यालय १९५६चं. मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी, म्हणजे दुष्काळाच्या तोंडावर. त्या दुष्काळात अर्धा मराठवाडा खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला गेला. विद्यापीठाच्या पहिल्या पिढीचे विद्यार्थी याच घरांतून आले, हे विसरून चालणार नाही. बदनापूर केंद्रानं मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारी बीएसएमआर ७३६ तूर दिली, नांदेडच्या कापूस केंद्रानं एनएचएच ४४. 'चव्वेचाळीस' म्हटलं की अजून जुन्या शेतकऱ्याचा चेहरा खुलतो. मर लागून अर्धं तुरीचं रान उभं वाळलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला ७३६ पटवायला कुणा अधिकाऱ्याला जावं लागलं नाही.

१९८१च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशातून प्रशिक्षण व भेट योजना आली. डॅनियल बेनॉर हा तिचा कर्ता, आधी तुर्कस्तान, मग राजस्थानात चंबळचं खोरं. वेळापत्रक कडक: ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्यानं ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गटाला पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं, दहातला एखादा 'संपर्क शेतकरी' निवडायचा, त्याला सांगायचं, त्यानं बाकीच्यांना. वर विद्यापीठाची मासिक कार्यशाळा, तिथून महिन्याचे संदेश खाली. संपर्क शेतकरी बहुतेक ठिकाणी विहीरवाला आणि रस्त्याकाठचा निघाला, यात नवल नाही. टेकाडावरच्या तांड्याला पंधरवड्याच्या भेटीचं वेळापत्रक पावसाळ्यात परवडणारं नव्हतं.

याच काळात विस्तारशिक्षणाच्या प्रबंधांचा साचा पक्का झाला. पीक घ्यायचं, शिफारशींची यादी करायची: जमीन, वाण, बीजप्रक्रिया, अंतर, खतमात्रा, पीक संरक्षण. प्रत्येक प्रश्नाला गुण द्यायचे, मग कमी, मध्यम, जास्त असे तीन गट. निष्कर्ष बहुधा ठरलेले. वाण आणि पेरणीची वेळ माहीत असते, बीजप्रक्रिया, जिवाणू खतं, माती परीक्षण, सूक्ष्म अन्नद्रव्यं यांत गुण घसरतात, बहुतेक शेतकरी 'मध्यम'. शेवटी शिफारस: प्रशिक्षण वाढवावं. प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना मी नावं ठेवत नाही. भर उन्हात मोटारसायकलवर दीडशे घरं फिरणं सोपं नसतं. पण प्रश्नावलीत एक रकाना नसायचा: माहीत आहे आणि तरी करत नाही, ते का?

तो रकाना शरद जोशींनी भाषणांतून भरला. त्यांच्या शेतकरी संघटनेचं १९८४चं अधिवेशन परभणीलाच झालं, कृषी विद्यापीठाच्या गावात. शेतकऱ्याचं दारिद्र्य त्याच्या अडाणीपणातून आलेलं नसून मालाच्या भावातून आलेलं आहे, ही त्यांची मांडणी. ती पूर्ण खरी होती असं मला वाटत नाही. भावाची बाजू सुटली तरी मर रोग राहतोच. पण ज्ञानाच्या तक्त्यातल्या 'मध्यम' माणसाला कुणीतरी पहिल्यांदा हिशेबी माणूस म्हणून वागवलं.

सोयाबीनचं आगमन तर कुठल्याच योजनेच्या नावावर नाही. जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण १९९४ साली प्रसारित झालं. लातूरची आडत आणि तेलगिरण्या हाताशी होत्या. हायब्रीड ज्वारीचा काळा पडलेला दाणा आडतीत कुणी विचारत नव्हतं. इथं साडेतीन महिन्यांत रोख पैसा. पंधरा-वीस वर्षांत खरिपातली ज्वारी संपली, मूग-उडीद आकसला, आणि आज लातूर जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक रान एकट्या सोयाबीनखाली असतं. कडब्याच्या गंजी गेल्या, त्यांच्या मागं बैल गेले, बैलांच्या मागं शेणखत गेलं. जमिनीच्या सुपीकतेवर या एका पिकानं जेवढा परिणाम केला तेवढा शंभर वर्षांच्या शिफारशींनी केला नसेल.

आणि सांगायला कोण होतं? राष्ट्रीय नमुना पाहणीनं २००३ साली देशभर विचारलं, तेव्हा शंभरातल्या चाळीस शेतकरी घरांना कुठून ना कुठून शेतीची माहिती मिळत होती. सुमारे सतरा जणांना दुसऱ्या प्रगतशील शेतकऱ्याकडून, तेरा जणांना खत-बियाण्याच्या दुकानदाराकडून, तेवढ्यांनाच रेडिओवरून. सरकारी विस्तार कर्मचारी सहा जणांपर्यंतही पोचलेला नव्हता. जळकोटला, उदगीरला, मुखेडला कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बसूनच जून महिन्यातले निर्णय होतात. दुकानदार बरा-वाईट असेल, पण तो उधार देतो आणि संध्याकाळी सातलाही भेटतो.

पिशवीतल्या ज्ञानाची दुसरी बाजू २०२० च्या जूनमध्ये उघडी पडली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस लागला होता, बियाणं आतून खराब झालं होतं. मराठवाडाभर पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचे ढीग लागले, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दुबार पेरणीचा खर्च ज्याचा त्यानं सोसला. त्यानंतर कृषी खात्यानं एक जुनी गोष्ट नव्यानं गावोगाव नेली. घरच्याच सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करायची, सात दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो पेरा, थोडे कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, साठच्या खाली गेले तर ते बियाणं खायला किंवा विकायला. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवा, कारण सोयाबीनचं साल पातळ असतं. पोती उंचावरून आपटू नका. या ज्ञानाला पैसा लागत नव्हता, कुणाशी भांडायचं नव्हतं, आणि नुकतीच एक पेरणी वाया गेली होती. ते पटकन रुजलं. २०२२ मध्ये शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं फस्त केली, तेव्हाही तसंच झालं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, ही युक्ती व्हाट्सअॅपवरून एका रात्रीत शिवार ओलांडून गेली.

खोल काळ्या जमिनीचा प्रश्न मात्र बांधांच्या दिवसांपासून तसाच होता: पाऊस जास्त झाला तर पाणी काढायचं कसं आणि कमी झाला तर धरायचं कसं? उत्तर जळकोटपासून फार लांब तयार झालं नव्हतं. उदगीर-बीदर-जहीराबाद मार्गानं सुमारे दोनशे किलोमीटरवर पाटणचेरू. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि त्याच दशकात तिच्या काळ्या रानात रुंद वरंबा-सरी पद्धत आकाराला आली. दीड मीटरचा पट्टा, वर पेर, कडेला सरी, जादा पाणी सरीतून हलक्या ढाळानं बाहेर, कमी पावसात तीच सरी ओल धरणार. बैलांनी ओढायचं चाकांचं अवजार त्यासाठी तयार केलं होतं. महाग निघालं, आणि एकट्याच्या शेतातलं पाणी बाहेर काढायचं तर खालच्या शेजाऱ्याची संमती हवी, ही जुनी अडचण होतीच. पद्धत अहवालांत राहिली. चाळीस वर्षांनी, बैल गेल्यावर आणि ट्रॅक्टर आल्यावर, ती 'बीबीएफ' या नावानं परतली. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात लातूर-नांदेडची गावं आली, शेतीशाळा भरू लागल्या, बीबीएफ पेरणी यंत्राला अनुदान मिळालं. सोयाबीनचं बियाणं एकरी सात-आठ किलोनं वाचतं, हे त्यातलं लगेच दिसणारं आमिष.

तरी सगळ्यांनी का केलं नाही? मृगाचा पाऊस पडला की वाफसा दोन-तीन दिवसांचा. गावात बीबीएफ यंत्रं एक-दोन, चालवणारा सरावाचा हवा, आणि ट्रॅक्टरवाला मोठ्या रानाला आधी जातो, कारण दीड एकराच्या तुकड्यात त्याचं डिझेल वळणांतच जातं. नंबर लागेपर्यंत ओल उडाली तर? लहान शेतकरी मिळेल ती तिफण धरतो आणि पेरून मोकळा होतो. काहीजण मधला मार्ग काढतात: साध्या पेरणी यंत्राचा एखादा फण बंद ठेवून दर चार-सहा ओळींनी एक तास मोकळं सोडायचं आणि नंतर कोळप्याला दोरी बांधून तिथं सरी पाडायची. याला खात्यानं पट्टापेर म्हणून मान्यता दिली आहे.

२०१५ पासून जमिनीच्या आरोग्यपत्रिका वाटल्या जातात. कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनाला एक मातीचा नमुना, बारा तपासण्या. जळकोटच्या उतारावर दहा हेक्टरांत बरड, मध्यम आणि काळी या तिन्ही येतात, आणि पाच-सहा खातेदारही. नमुना काळीतून घेतला तर पत्रिका टेकाडावरच्या माणसाच्याही हातात तीच पडते. तो ती वाचतो, घडी घालून पासबुकात ठेवतो आणि बरडाला खत किती टाकायचं ते मागच्या वर्षीच्या तुरीकडे बघून ठरवतो.